थिजलेलं खोबरेल

साईशने नाटकाच्या पेटीतली जुनी ओढणी उचलली, खांद्यावरून घेतली, तिचं टोक कमरेला खोचलं, आणि देवकीच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. पिशवीतली एक पोई, कोंड्याचा गोल पाव, घरंगळत पुढच्या बाकाखाली गेली. ती उचलायला वाकावं हेही तिला सुचलं नाही. पदर खोचायची ती पद्धत देवकीची होती. आधी टोक दोन बोटांनी चिमटीत धरायचं, मग एकदा झटकायचं, मग डाव्या बाजूला खोचून त्यावर उगाच एक थाप मारायची. आपण थाप मारतो हे तिला आजवर माहीतच नव्हतं. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला तिचा मुलगा समोर उभा होता आणि थाप मात्र तिची होती. आजूबाजूच्या पोरांना हसू आलं. देवकीला वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपलं नाव घेऊन हाक मारली, आणि आता मागे वळून बघायलाच हवं.

खरं तर यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. डिचोलीच्या त्या हायर सेकंडरीत नूतन मॅडम दर शनिवारी नाटकाचा गट घ्यायच्या. नाटक म्हणजे बक्षिसाचं नाटक नव्हे. जी पोरं घरात बोलत नाहीत, काचा फोडतात, हातावर ब्लेडने रेघा ओढतात, त्यांना मॅडम एकमेकांच्या भूमिका करायला लावायच्या. कधी बापाची, कधी शिक्षकाची, कधी स्वतःचीच. त्यातून पोरं मोकळी होतात असं त्यांचं म्हणणं. बाई फोंड्याची, आवाज मऊ, गळ्यात चष्म्याची दोरी. देवकीला ती आवडली होती आणि तिची भीतीही वाटत होती. आज आईबापांना बोलावलं होतं. आलेल्यांत बहुतेक आयाच होत्या, आणि कोपऱ्यात एक बाप मोबाइल उलटा करून बसला होता. सगुण, म्हणजे साईशचा बाप, आत आला नव्हता. तो गेटपाशी टेम्पोत बसला होता. "माका कोणी नाटक शिकवूचा नाय," असं म्हणून त्याने रेडिओ लावला होता, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही होतं. त्यांच्या पार्से गावात आणि आसपासच्या चार गावांत सगुणला नाटक शिकवील असा माणूस नव्हता.

दरवर्षी देवळाच्या काल्याला, म्हणजे जत्रेच्या रात्री, दशावतारात विष्णूचा मान सगुणच्या घराण्याचा. आजोबा, बाप, मग तो. लिहिलेलं पुस्तक नाही, पाठांतर नाही. तोंडाला सफेदा आणि गुलाबी रंग चढला, डोक्यावर देवाच्या पेटाऱ्यातला लाकडी मुकुट बसला की भाषण आपोआप यायचं, असं अस्खलित की म्हातारी माणसं मान डोलवायची. आणि गावची एक रीत होती. एकदा रंग चढला की तो उतरेपर्यंत त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. तो देव. बायाबापड्या पाया पडणार, पोरांना त्याच्या पायांवर घालणार. रंग उतरवताना पुन्हा पेटाऱ्याला नमस्कार करायचा, मुकुट ठेवायचा, तोंडाला खोबरेल चोळायचं, मग कुठे तो सगुण. मग तो टेम्पो चालवायला, भांडायला, विडी ओढायला मोकळा.

देवकी डिचोलीची. लग्न ठरायच्या आधी सगुण तिला बघायला आला नव्हता, तीच त्याला बघून आली होती. मावशीबरोबर पार्सेचा काला बघायला गेली होती तेव्हा विष्णू रंगात होता आणि लक्ष्मीची समजूत घालत होता. असं गोड, असं सावकाश बोलत होता की तिला वाटलं, घरात असं कुणी बोललं तर माणूस आयुष्यभर उपाशीसुद्धा राहील. लग्नानंतर कळलं की तो आवाज पेटाऱ्यात राहतो. घरात आणायचे ते शब्द वेगळे होते, तुटके, जाड. हात उचलायचा तोही सगुण. याचं तिने एक गणित करून ठेवलं होतं. मारतो तो सगुण, गोड बोलतो तो देव, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. वर्षातून एक रात्र तिच्या वाट्याला दुसरा यायचा. काल्याच्या पहाटे तो रंगातच घरी यायचा, सोप्यावर बसायचा, ती पाया पडायची आणि तो त्याच आवाजात म्हणायचा, "सुखी ऱ्हव." बस्स, एवढंच. त्या दोन शब्दांवर ती पुढच्या काल्यापर्यंत दिवस काढायची. हसण्यासारखं आहे, पण माणसं याहून कमी गोष्टींवर जगतात.

"घरातली एक सकाळ दाखव," मॅडम साईशला म्हणत होत्या. "तू आई आहेस. बाबा कोण होईल?" साईशने गौरेशला ओढलं. गौरेश वाळपईचा, उंच, लाजरा, या गटात का आला ते कुणाला धड माहीत नव्हतं. साईशने पेटीत हात घालून पुठ्ठ्याचा, चमकी लावलेला मुकुट काढला आणि गौरेशच्या डोक्यावर ठेवला. पुन्हा हशा पिकला. "अरे, बाबा घरात मुकुट घालतात?" मॅडमनी विचारलं. "घालतत," साईश म्हणाला आणि थांबला. हसणारेही हळूहळू थांबले. देवकीने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून गेट दिसत होतं आणि गेटपाशी टेम्पोचा निळा कोपरा. दार मॅडमच्या पलीकडे होतं. त्या सगळ्यांमधून उठून दारापर्यंत जायचं म्हणजे सगळ्यांना सांगायचंच की ही सकाळ कुठली ते.

"मी काय करू?" गौरेशने विचारलं.

"तेल माग," साईश म्हणाला.

"तेल खंय?" गौरेश म्हणाला, अगदी साध्या आवाजात, दुकानात विचारावं तसं.

साईश खोलीच्या कोपऱ्यात गेला. कुणाची तरी पाण्याची बाटली उचलली, कानापाशी नेऊन हलवली. मग उलटी केली आणि तळव्यावर आपटली. मग दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागला, घाईघाईने, मध्ये मागे बघत. बघणाऱ्यांना काही कळलं नसणार. देवकीला सगळं कळलं, आणि तिच्या हाताला ती बाटली लागली. गेल्या काल्याची, मार्गशीर्षातली पहाट, बाहेर दव, न्हाणीघराच्या फळीवरची खोबरेलाची बाटली दगडासारखी थिजलेली. रात्री ती चुलीपाशी ठेवायला देवकी विसरली होती. काल्याला गेली होती, इतर बायांबरोबर पुढे बसली होती, विष्णूचं भाषण ऐकत. घरी आल्यावर चूल पेटवायच्या आतच तो आला. रंगात, मुकुटात. ती पाया पडायला पुढे झाली तर तो म्हणाला, "तेल हाड. तोंड जळता." तिने बाटली अशीच चोळली, पदरात गुंडाळून पोटाशी धरली. पोटाच्या उबेने विरघळेल असं तिला खरंच वाटलं होतं. त्याने वाट बघितली. मग उठला.

गौरेशने हात अर्धा वर नेला आणि शरमून खाली घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी हात गेला खरा. साईशने मात्र मान तशीच वळवली, थेट गालावर बसल्यासारखी, आणि ओढणीच्या टोकाने गाल पुसला. देवकीने स्वतःच्या गालाला हात लावला. त्या सकाळी गाल लाल झाला नव्हता, पांढरा झाला होता. बोटांचा सफेदा गालावर उठला होता. कानात एक बारीक शिट्टी वाजत होती आणि तिच्या मनात एकच विचार, की हे चुकलं, हा सगुण नव्हे, हा तर तो दुसरा. त्यानेच मारलं तर मग चूक आपलीच असणार. सगुण मारतो ते सगुणचं पाप, पण देव कशाला उगाच मारील? तेल ठेवायचं आपल्याला आठवलं नाही. असं म्हटलं की गणित पुन्हा जमत होतं. नाही म्हटलं तर तिला काही म्हणजे काहीच उरत नव्हतं, ते दोन शब्दसुद्धा नाहीत.

साईश गुडघ्यांवर बसला आणि त्याने गौरेशच्या रबरी चपलांवर कपाळ टेकलं. तो उठेचना. ओढणी पाठीवरून ओघळून फरशीवर पडली.

"साईश," मॅडम हळूच म्हणाल्या, "आई आता काय म्हणते?"

त्याने कपाळ चपलांवर आणखी दाबलं. मॅडमनी देवकीकडे बघितलं. "आई, तुम्ही याल? तुम्ही साईश व्हा. तो तेव्हा जिथे होता, तिथे जाऊन उभ्या राहा. जे करावंसं वाटेल ते करा. चूक-बरोबर काही नाही इथे."

चूक-बरोबर काही नाही अशी जागा देवकीने कधी बघितली नव्हती. ती उठली, कारण सगळे बघत होते आणि न उठणं त्याहून कठीण होतं. पाय आपले आपण खोलीच्या मागच्या भिंतीपाशी गेले, जिथे साईश त्या सकाळी मागच्या दारात उभा होता, तोंडात ब्रश, तोंडाला फेस. तिथून तिने बघितलं. समोर मुकुट, आणि मुकुटाच्या खाली एक पाठ. पदर ओघळलेली, आक्रसलेली, बाईची पाठ. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. तिला वाटायचं, पाया पडताना आपण नीट दिसतो, देवळातल्या बायकांसारखे. तसं काही नव्हतं. कुणीतरी पाणी ओतल्यावर अंग चोरून बसलेलं मांजर जसं दिसतं तसं ते दिसत होतं. रोज वरण वाढणाऱ्या बाईची ती पाठ होती आणि पोराला ती मागून बघावी लागली होती.

त्या सकाळी साईश ब्रश टाकून पुढे धावला होता. बापाच्या हाताला धरायला. तिनेच त्याला अडवलं होतं, खाली वाकलेलीच, मागे हात करून. सगुण मग शांत झाला होता. मुकुट काढून पाटावर ठेवला, त्याला नमस्कार केला, पाण्यानेच तोंड खसाखसा धुतलं आणि अर्धवट पांढरा तसाच झोपला. दुपारी उठून बघतो तर मुकुट नाही. तो देवळाच्या तळीत होता. आरसे जडवलेला लाकडी मुकुट, बुडायचाही नाही. आरसे वर करून तळीच्या मधोमध तरंगत होता, सगळ्या गावाला दिसेल असा. काठीने ओढून काढला तेव्हा रंग सुटला होता, आरसे निखळले होते. गाव जमलं. कोणी केलं याला उत्तर होतं, साईश लपलाच नव्हता. का केलं याला नव्हतं. त्याने फक्त आईकडे बघितलं होतं, आणि ती खाली पायरीकडे बघत राहिली होती. कुणीतरी म्हणालं, "वायट संगत." तिने मान हलवली. तेवढंच. मग साईशला डिचोलीला बाबलीमामाकडे पाठवलं, इथल्या शाळेत घातलं, इथे त्याने काचा फोडल्या आणि तोंड बंद केलं ते आजच्या ओढणीपर्यंत.

आज संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं होतं. साईशने नारळ हातात धरायचा, देवासमोर, गावासमोर, चूक कबूल करायची आणि मग बापाच्या पाया पडायचं. मगच त्याला घरात घेणार, असं सगुणचं म्हणणं. मुलगा परत येणार म्हणून तिनेही त्याला तयार केला होता. सगुणने तर फोनवरून भाषणही बसवून घेतलं होतं. "संगतीक लागान बुद्धी फिरली म्हण. आवाज पोटातसून काढ, गळ्यातसून नाय."

ती चालत पुढे गेली. साईशच्या खांद्याला हात लावला. "ऊठ," ती म्हणाली. मग साईश होऊन, आईला म्हणावं तसं, "ऊठ, आवय."

खालून, फरशीकडे तोंड असलेल्या साईशने मागे हात केला आणि तिला अडवलं. "हात लावू नको. तोंडाक रंग आसा. पाप लागतलां."

तिचेच शब्द, तिचाच हात. मागे कुण्या बाईने चक् केलं. देवकी तिथे उभी राहिली आणि तिला कुठेच जाता येईना. पुढे मुकुट होता, खाली ती स्वतः होती, मागे ती सगळी माणसं. या शब्दांना उत्तर देता येत नाही हे तिला माहीत होतं, म्हणूनच तर ती ते बोलली होती. पण आता ते तिला कुणीतरी सांगत होतं, आणि सांगणाऱ्याच्या मानेवर केसांची रेघ वेडीवाकडी कापलेली होती, मामाकडच्या न्हाव्याने कापलेली. ती मान तिने तेल लावून, मळ काढून वाढवली होती. तिने हात वर केला आणि गौरेशच्या डोक्यावरचा मुकुट काढला. तो इतका हलका होता की हात उगाचच उंच गेला. खाली घामाने चिकटलेले केस होते आणि गौरेशचे घाबरलेले डोळे.

"रंग खंय आसा?" ती म्हणाली. "ह्यो बापूस. निस्तो बापूस."

साईश वर बघेना. मग तो त्याच अवस्थेत, पण स्वतःच्या आवाजात म्हणाला, "मगे त्या दिसा कित्याक म्हणूक नाय?"

त्या दिवशी तिने नुसती मान हलवली होती. मॅडम पुढे झाल्या, साईशला उठवलं, ओढणी घडी करून पेटीत ठेवली आणि तिघांना बाहेर नळापाशी नेलं. भूमिका उतरवल्याशिवाय घरी जायचं नाही हा गटाचा नियम. तोंडावर पाणी मारायचं आणि आपलं नाव मोठ्याने घ्यायचं. "गौरेश." "साईश." देवकीने गार पाणी तोंडावर घेतलं, कानापर्यंत चोळलं. सोपं दिसत होतं, नुसत्या पाण्याने उतरत होतं सगळं. "देवकी," ती म्हणाली, आणि लग्नानंतर आपण ते कधी मोठ्याने म्हटलं होतं ते तिला आठवेना.

टेम्पोच्या केबिनमध्ये ती मध्ये बसली, साईश दाराकडे. गियरचा दांडा दर वळणाला तिच्या गुडघ्याला लागत होता. नारळ पुढच्या काचेखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. "जाला नाटक?" सगुणने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता साईशला म्हणाला, "म्हण बघू एकदा." साईश बाहेर बघत राहिला. अस्नोडा गेलं. कोलवाळच्या पुलावर वारं आत आलं आणि वर्तमानपत्र फडफडलं. आत्ता नाही तर कधीच नाही, असं काही तिला वाटलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की देवळात साईश वाकेल, आणि ती मागे बायकांत उभी राहून त्याची पाठ बघेल. तिने हात लांब करून नारळ घेतला आणि मांडीवर ठेवला.

"नारळ मी धरतंय," ती म्हणाली.

"तू? तू कित्याक?"

"जाला ता सांगूक."

बाईने नारळ धरू नये असा काही नियम नव्हता. आजवर कुणी धरला नव्हता, एवढंच. नारळ हातात असताना मात्र झालं ते सगळंच सांगावं लागतं, आणि गाव प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतं, हे सगुणला तिच्याहून चांगलं माहीत होतं. धारगळला हमरस्ता सोडून आत वळायचं, तिथे त्याने टेम्पो कडेला घेतला आणि बंद केला. कलिंगडं विकणारी बाई आशेने उठली आणि पुन्हा बसली. साईशने पहिल्यांदाच आत बघितलं.

"देवके," सगुण म्हणाला.

तिचा हात नारळावर घट्ट झाला. तो आवाज. गोड, सावकाश, पोटातून काढलेला, लक्ष्मीची समजूत घालणारा. रंगाशिवाय, मुकुटाशिवाय, टेम्पोच्या केबिनमध्ये, तिच्या नावाने. म्हणजे तो पेटाऱ्यात नव्हताच. तो इतकी वर्षं घरातच होता, जेवत होता, झोपत होता, आणि हवा तेव्हा काढता येत होता.

"थंडीत खोबरेल थिजता," तो तसाच म्हणाला. "तुझो काय दोष त्यात? मी कधी धरलंय काय मनात? सुखी ऱ्हव. हाड तो नारळ."

आणि तिला तो द्यावासा वाटला. खरंच वाटला. मुलगा घरी येईल, आवाज असा राहील, तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. कानाच्या पाळीमागे जुन्या सफेद्याचा कण नव्हता, काही नव्हतं. दोन दिवसांची दाढी होती, विडीने काळवंडलेला ओठ होता, आणि तो ओठ थोडा हलत होता, तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत. तिचं वाक्य दरवेळी एकच असायचं. कपाळ टेकायचं तेच वाक्य. ते आलं नाही, आणि सगुणला पुढचं सुचेना.

बाजूला साईश श्वास धरून बसला होता. देवकीला भीती वाटत होती, देवळाची, गावाची, उद्याच्या सकाळची. तिने नारळ वर्तमानपत्रातून काढला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांत नीट धरला.

"गाडी चालू करा," ती म्हणाली. "लोक वाट बघतत."